राजाच्या चेहऱ्यावरचा छापा



या वर्षीच्या मदतनिधीच्या लिलावात पैठणी आहे, हाताने विणलेली दुलई आहे, दोन जणांसाठी घरगुती मोदकांचं जेवण आहे. आणि त्याच यादीत "१९२२ सालची आयर्लंडची टपाल तिकिटं, एक अल्बम" अशीही एक ओळ आहे. ती वाचून आतापर्यंत निदान दहा जणांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला आहे, "अरे, ते किती लाखांचं आहे म्हणे?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं म्हणून हा लेख. लाखांचं नाही, हे आधीच सांगतो. पण "जुनाट कागद, पाच युरोत द्या" असंही नाही. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे आहे आणि ते कसं शोधायचं हेच मला सांगायचंय.

अल्बम दिला आमच्या शेजारच्या आजींनी. आपल्या गणपतीला त्या दर वर्षी येतात, आरती संपेपर्यंत उभ्या राहतात आणि उकडीचे दोन मोदक खाऊन, एक डब्यात घालून घरी नेतात. त्यांच्या यजमानांना शेवटच्या वर्षी उपचारासाठी डब्लिनला न्यावं-आणावं लागायचं. ते काम स्वयंसेवक गाडीवाले करायचे. आपला यंदाचा निधी अशाच प्रवासखर्चासाठी आहे असं कळल्यावर आजींनी कपाटातून वडिलांचा अल्बम आणि एक बुटांचा खोका काढून माझ्या हातात दिला. "माझ्यानंतर हे कोण बघणार? त्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे," एवढंच म्हणाल्या.

तो अल्बम समितीच्या बैठकीत गेला आणि गोंधळ सुरू झाला. आपल्या खजिनदार काकांनी रात्री बसून इंटरनेटवर शोध घेतला. तसंच दिसणारं एक तिकीट कुणीतरी नऊशे युरोला विकायला ठेवलेलं त्यांना सापडलं. अल्बममध्ये तशी चाळीसच्या वर तिकिटं! काकांनी गुणाकार केला. "अहो, आपलं पुढच्या तीन वर्षांचं काम झालं!" मला तपासायला बसवलं, कारण मी इंजिनिअर, आणि लहानपणी तिकिटं जमवायचो हे मीच कधीतरी बोलून गेलो होतो. (मंडळात आपण काय बोलतो याचं भान ठेवावं, ते असं.)

एखाद्याने विकायला ठेवलेली किंमत म्हणजे त्याची इच्छा. वस्तू प्रत्यक्ष किती पैशाला गेली, हा वेगळा आकडा असतो. पण त्याआधीचा प्रश्न असा की आपल्याकडचं तिकीट म्हणजे तेच तिकीट का? इथे थोडा इतिहास हवा.

६ डिसेंबर १९२१ ला लंडनमध्ये अँग्लो-आयरिश करार झाला. आयर्लंडच्या सव्वीस काउंट्यांना स्वतःचं राज्य मिळणार होतं, पण ते एका रात्रीत उभं राहणार नव्हतं. म्हणून मधल्या काळासाठी हंगामी सरकार आलं. १६ जानेवारी १९२२ ला मायकेल कॉलिन्स यांनी डब्लिन कॅसलचा ताबा घेतला आणि ६ डिसेंबर १९२२ ला 'फ्री स्टेट' अधिकृतपणे अस्तित्वात आलं. हंगामी सरकारचं आयुष्य पुरतं अकरा महिन्यांचंही नव्हतं. टपालखातं जे. जे. वॉल्श यांच्याकडे आलं.

आता नवीन सरकार आलं म्हणजे नवीन तिकिटं हवीत. पण चित्र काढून घ्यायचं, प्लेटा बनवायच्या, कागद मागवायचा, यात महिने जातात, आणि लोकांना पत्रं तर रोज टाकायची असतात. मग सोपा मार्ग काढला. पंचम जॉर्ज राजाची ब्रिटिश तिकिटं घ्यायची आणि त्याच्या चेहऱ्यावर काळ्या शाईत आयरिश भाषेत "रिअल्तस शालदख ना हेरन १९२२", म्हणजे 'आयर्लंडचं हंगामी सरकार, १९२२', असं छापायचं. पहिली छापलेली तिकिटं १७ फेब्रुवारी १९२२ ला खिडकीवर आली. राजा खाली, सरकार वर. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या सिस्टीमवर रातोरात चढवलेला पॅच!

आपल्याला ही कल्पना नवीन वाटायचं कारण नाही. शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात १८८५ पासून राणीच्या आणि नंतर राजाच्या ब्रिटिश हिंदुस्थानी तिकिटांवर देवनागरीत 'ग्वालियर' छापून वापरत. तिथेसुद्धा देवनागरी शब्दाची लांबी साधारण तेरा-चौदा मिलिमीटर की पंधरा, यावर भाव बदलतो. माझं आजोळ भोरचं. भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःचीच अर्धा आणा आणि एक आण्याची तिकिटं काढली, ती हातशिक्क्याने उमटवलेली. लहानपणी आजोबांनी त्यांतलं एक दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी बटाट्याचा ठसा मारलाय. तेव्हा ते हातात नीट धरलंसुद्धा नाही. असो.

तर १९२२. आपल्या डंडॉकमध्ये त्या वर्षी काय चाललं होतं हे आठवलं की हे कागदाचे तुकडे वेगळे दिसायला लागतात. करार मान्य असलेले आणि नसलेले यांच्यात यादवी पेटली होती. जुलैच्या मध्यावर सरकारी सैन्याने डंडॉकच्या बराकी घेतल्या आणि फ्रँक एकन यांना त्यांच्या माणसांसह अटक केली. त्याच महिन्याच्या शेवटी तुरुंगाची भिंत उडवून कैदी पळाले. १४ ऑगस्टला एकन यांच्या लोकांनी गावच ताब्यात घेतलं, काही दिवसांनी ते पुन्हा सरकारकडे गेलं. त्यातच १० ते २९ सप्टेंबर टपाल कामगारांचा संप झाला. आणि इथून वीसेक किलोमीटरवरच्या न्यूरीत, जे उत्तरेत राहिलं, तिथे तोच राजा, तेच तिकीट, पण वर छापा नाही. आज आपण स्वस्त पेट्रोल कुठे मिळतं ते बघत ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्याच्या दोन टोकांना टाकलेली दोन पत्रं १९२२ मध्ये अशी वेगळी दिसायची.

आता तिकीट ओळखायचं कसं? पहिली पायरी अगदी सोपी, ओळी मोजा. कमी किमतीच्या तिकिटांवर पाच ओळींचा छापा असेल तर ते हंगामी सरकारचं. तीन ओळींचा 'सेरस्तॉत एरन १९२२' असा असेल तर ते फ्री स्टेटचं, म्हणजे डिसेंबर १९२२ पासूनचं. दोन्हींवर '१९२२' आहे म्हणून लोक फसतात. फ्री स्टेटचा छापा मोठ्या किमतीच्या तिकिटांवर पुढे १९३० च्या दशकातही मारला जात होता, पण साल छापलं जायचं १९२२! तेव्हा तिकिटावरचं साल म्हणजे ते छापल्याचं साल नव्हे. आमच्या अल्बममधली चौदा तिकिटं इथेच वेगळी निघाली. अक्षरं जुन्या गेलिक वळणाची आहेत, त्यामुळे आधी काहीच वाचता येत नाही. 'शालदख' या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर आपल्या अनुस्वारासारखा एक टिंब आहे. आयरिशमध्ये तो टिंब 'ख'चा उच्चार दाखवतो. हे समजल्यावर मला उगाचच आपल्या घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

दुसरी पायरी पट्टीची. छापण्याचं काम एकाच छापखान्याकडे नव्हतं. डब्लिनमधल्या डोलार्ड आणि अलेक्झांडर थॉम या दोघांनी सुरुवात केली, आणि लंडनच्या हॅरिसनने जूनमध्ये गुंडाळीतली, म्हणजे कॉईलची, तिकिटं छापली. पहिल्या खेपेत अर्धा पेनी आणि एक पेनी डोलार्डकडे होते, दीड पेनी आणि दोन पेन्स थॉमकडे. डोलार्डचा छापा साधारण १५ बाय साडेसतरा मिलिमीटर. थॉमचा पहिला साडेचौदा बाय १६. थॉमने जूनपासून दुसऱ्यांदा छापला तो पावणेसोळा बाय १६, आणि शाई निळसर काळी, चकचकीत. हॅरिसनचा १५ बाय १७. म्हणजे सगळा खेळ एक-दीड मिलिमीटरचा. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी इथे चालत नाही. मी तिकिटं स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन केली आणि पिक्सेल मोजले. बायको म्हणाली, "ऑफिसातून येऊन पुन्हा तेच?" पण एका संध्याकाळी चाळीस तिकिटं चार ढिगांत पडली, आणि त्यातला मोठा ढीग कुठला हे लगेच दिसलं. दोन पेन्सचा. देशातल्या देशात साध्या पत्राला दोन पेन्स लागायचे, त्यामुळे तीच तिकिटं सर्वात जास्त छापली गेली, सर्वात जास्त खपली आणि म्हणून आज सर्वात स्वस्त आहेत.

दोन पेन्सच्या नारिंगी तिकिटात अजून एक गोम आहे. मूळ ब्रिटिश तिकिटाचेच दोन साचे आहेत. राजाच्या डोक्याच्या वर, डोकं आणि लंबगोल चौकट यांच्यामधे आडव्या छटेच्या पूर्ण रेघा मोजा. चार असतील तर पहिला साचा, तीन असतील तर दुसरा. चांगलं दहापट भिंग हवं आणि दिवसाचा उजेड हवा. डंडॉकमध्ये दुसरी गोष्ट मिळवणं अवघड, हे तुम्हाला सांगायला नको. दीड पेनीच्या तिकिटात मूळ छपाईतली एक प्रसिद्ध चूक आहे. 'पेन्स' या शब्दातल्या शेवटच्या 'ई'ची खालची रेघ उमटली नाही, त्यामुळे तो 'एफ' दिसतो. ती चूक असलेलं तिकीट खरोखर दुर्मिळ. मी अल्बममधली सगळी दीड पेनीवाली तीनदा बघितली. नाही.

निळ्या अडीच पेन्सवर, राखी-हिरव्या चार पेन्सवर आणि गडद तपकिरी नऊ पेन्सवर काळा छापा वाचताच येत नसे, म्हणून एप्रिलपासून त्यांच्यावर लाल छापा आला. तो फिकट लाल की किरमिजी यावरही कॅटलॉगात वेगळे क्रमांक आहेत. इथे मी हात टेकले. शंभर वर्षांच्या शाईची छटा मॉनिटरवर बघून ठरवायची नसते, त्यासाठी शेजारी ठेवायला खात्रीचं तिकीट लागतं.

आता त्या तिकिटाकडे येतो, ज्यामुळे सगळा गाजावाजा झाला. अल्बमच्या शेवटच्या पानावर, एकटंच, पारदर्शक खिशात ठेवलेलं एक लाल एक पेनीचं तिकीट. त्यावरचा छापा उलटा! राजा सुलटा आणि सरकार डोक्यावर उभं. उलट्या छाप्याची खरी तिकिटं आहेत. कागदाचा ताव यंत्रात उलटा घातला गेला की ती होतात, आणि त्यांना मोठा भाव येतो. काकांनी नऊशे युरोचं जे पाहिलं ते असंच होतं. यादीच्या पहिल्या मसुद्यात ते 'दुर्मिळ, उलटा छापा, किमान बोली ८०० युरो' म्हणून टाइपसुद्धा झालं होतं.

पण विचार करा. छाप्याच्या तिकिटांत नकली बनवणं सर्वात सोपं असतं. नोट नकली करायची तर कागदापासून सगळं करावं लागतं. इथे खालचं तिकीट खरंच असतं, पेटीभर मिळणारं, कवडीमोलाचं ब्रिटिश तिकीट. फक्त वर काळ्या शाईत पाच ओळी मारायच्या. आणि मारणारा साधा छापा कशाला मारेल? किमतीचाच मारेल, म्हणजे उलटा. म्हणून नियम असा की जितकं तिकीट भारी, तितका संशय मोठा.

मी काय काय पाहिलं ते क्रमाने सांगतो. भिंगाखाली शिक्का आणि छापा यांतलं वर कोण आहे ते बघितलं. खऱ्या तिकिटावर आधी छापा, मग पोस्टाचा शिक्का, म्हणजे शिक्क्याची शाई वर हवी. इथे शिक्क्याचा एक कोपरा जेमतेम लागलेला, काही ठरेना. शिक्क्यावरची तारीख वाचली, कारण १७ फेब्रुवारी १९२२ च्या आधीची तारीख असेल तर प्रश्नच मिटला. तारीख नेमकी पुसट. तिकीट मागून तिरप्या उजेडात धरलं. हे छापे खिळ्यांच्या छपाईचे, त्यामुळे बऱ्याचदा मागच्या बाजूला अक्षरांचा किंचित दाब जाणवतो. इथे नव्हता, पण शंभर वर्षं पुस्तकात दाबून राहिलेल्या कागदावर नसूही शकतो. शेवटी वॉटरमार्क.

वॉटरमार्क बघायला काळ्या रंगाची उथळ ताटली आणि लायटरमध्ये भरतात ते पेट्रोल लागतं. तिकीट पालथं ठेवायचं, दोन थेंब टाकायचे, कागदातली नक्षी काळी उठून दिसते आणि मिनिटभरात सगळं उडून जातं. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ निरांजन नको, एवढं बघा. १९१२ नंतरच्या या ब्रिटिश तिकिटांच्या कागदात राजाची नाममुद्रा असते, आणि ती वळणदार अक्षरांत असते. १९२४ मध्ये कागद बदलला आणि नाममुद्रा ठोकळ्या अक्षरांत आली. आमच्या उलट्या छाप्याच्या तिकिटाखाली दिसली ती ठोकळी अक्षरं. स्वच्छ, ठसठशीत.

म्हणजे ज्या कागदावर १९२२ च्या फेब्रुवारीत छापा मारला म्हणतात, तो कागद १९२४ पर्यंत तिकिटांसाठी आलाच नव्हता. यात मत नाही, छटा नाही, तज्ज्ञही नको. आम्ही प्रोग्रॅम तपासताना शोधतो तशी ही एकच टेस्ट, आणि तिकीट नापास.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. रात्री साडेअकराला खजिनदार काकांना फोन केला, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "एवढं कोण बघतंय? घेणाऱ्याला आनंद, आपल्याला निधी." काका मनाने फार सरळ माणूस, आठशे युरो हातचे जाताना कुणीही म्हणेल ते म्हणाले. मी विचारलं, "काका, आपल्या देणगीदारांपैकीच कुणीतरी घेणार. त्यांचा नातू उद्या ताटली आणि लायटरचं पेट्रोल घेऊन बसला तर?" सकाळी साडेसातला त्यांचा मेसेज आला, "यादी बदलली."

आजींना सांगणं जास्त कठीण होतं. ते तिकीट त्यांच्या वडिलांच्या अल्बममधलं, आणि "खोटं" हा शब्द कुणाच्या वडिलांच्या वस्तूबद्दल वापरायचा कसा? चहा घेताना सांगितलं. त्या हसायलाच लागल्या. वडिलांनी ते एका जत्रेत घेतलं होतं, आणि आईने त्यांना तेव्हाच वेड्यात काढलं होतं. "म्हणजे आईचंच बरोबर निघालं," म्हणाल्या, आणि मला अजून एक स्कोन वाढला.

आता माझी स्वतःची चूक, कारण या लेखात ती लपवली तर बरोबर होणार नाही. बुटांच्या खोक्यात जुनी पाकिटं होती, आजींच्या घरी आलेली आणि काही इथून गेलेली. लहानपणी आपण काय करायचो? पाकिटाचा कोपरा फाडायचा, पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की वर्तमानपत्रावर वाळत घालायचं. पहिल्याच संध्याकाळी, काहीही वाचायच्या आधी, मी दोन पाकिटांचे कोपरे कापले आणि भिजत घातले. दोन्ही दोन पेन्सची, थॉमच्या छाप्याची, अगदी साधी तिकिटं. नंतर कापलेल्या कोपऱ्याचा उरलेला अर्धा शिक्का वाचला. डंडॉक, ऑगस्ट १९२२. दिवसाचा आकडा बरोबर कात्रीखाली गेलेला. गाव या हातातून त्या हातात जात होतं त्या महिन्यात इथून निघालेलं पाकीट, पूर्ण तारखेसह, त्या सुट्या तिकिटाच्या कित्येक पट किमतीचं असतं. इथे तारीख, गाव आणि परिस्थिती यांची किंमत असते, तिकीट निमित्तमात्र. ते मी वाटीभर पाण्यात बुडवलं. तुमच्याकडे कुठलंही जुनं पाकीट असेल, आयर्लंडचं असो की आजोळच्या ट्रंकेतलं, तर कृपा करून कात्री लावू नका. पोस्टकार्डालाही नाही.

तिसरं पाकीट वाचलं. डंडॉकचाच शिक्का, ऑक्टोबर १९२२, संप मिटल्यानंतरचा, तारीख स्पष्ट. ते आता लिलावात वेगळा नग म्हणून आहे.

मोठ्या किमतीच्या तिकिटांबद्दल थोडक्यात. अडीच, पाच आणि दहा शिलिंगांची तिकिटं आकाराने मोठी. त्यावर रथात बसलेली ब्रिटानिया आणि रथाला समुद्री घोडे, म्हणून त्यांना सी-हॉर्सच म्हणतात. यांना खरा भाव आहे. हंगामी सरकारने वापरली ती ब्रॅडबरी विल्किन्सनने छापलेली. त्यांच्या चित्राची उंची पावणेतेवीस मिलिमीटरच्या आसपास भरते, आधीच्या दोन छापखान्यांची बावीसच्या जरा वर. त्यामुळे बुटक्या सी-हॉर्सवर हंगामी सरकारचा छापा दिसला तर हात जोडून परत द्यावा. आमच्या अल्बममध्ये अडीच शिलिंगाचं एक आहे. उंची बरोबर भरली, पण एका बाजूचे तीन दाते तुटलेत आणि मागे बारीकशी चीर आहे.

आणि इथे आपण किमतीवर येतो. स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगात किंवा आयर्लंडपुरत्या हायबर्नियन कॅटलॉगात जो आकडा छापलेला असतो, तो चांगल्या स्थितीतल्या तिकिटासाठी दुकानदार मागेल तो. आपण विकायला गेलो तर तो मिळत नाही. लग्नातल्या दागिन्यांचं जसं असतं तसंच, घेताना एक भाव, मोडताना दुसरा. स्वस्त तिकिटांचा आकडा तर मुख्यतः दुकानदाराने ते शोधून पाकिटात घालून देण्याच्या मेहनतीचा असतो. अर्धा पेनी, एक पेनी, दोन पेन्सची वापरलेली साधी तिकिटं एका कप चहाच्या पैशात येतात. तुटलेला दाता, पातळ झालेला कागद, चीर, यातलं काहीही असलं की भाव झपाझप उतरतो. न वापरलेल्या तिकिटाच्या मागचा गोंद जसाच्या तसा असेल तर भाव जास्त, अल्बमला चिकटवायची कागदी पट्टी लावलेली असेल तर कमी. आजींच्या वडिलांनी सगळीच तिकिटं पट्टी लावून बसवली आहेत. त्या काळी तीच रीत होती.

नाव मोठं आणि रक्कम मोठी असेल तेव्हा सर्टिफिकेट घ्यावं. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती ते देते. पण त्याला फी आहे आणि वेळ लागतो. वीस युरोच्या तिकिटासाठी त्याहून महाग कागद घेण्यात अर्थ नाही, आणि आमच्या अल्बममधल्या एकाही तिकिटाला ते लागत नाही, हाही एक निकालच.

तर शेवटी लिलावात काय आहे ते सांगतो. पाच ओळींची सत्तावीस तिकिटं छापखान्यानुसार लावून एक नग, प्रत्येकाखाली मोजलेलं माप आणि दोष पेन्सिलने लिहिलेत. तीन ओळींची चौदा तिकिटं दुसरा नग. त्यातच ६ डिसेंबर १९२२ ला आलेल्या आयर्लंडच्या स्वतःच्या पहिल्या तिकिटाची एक प्रत आम्ही घातली आहे. दोन पेन्स, हिरवं, सबंध बेटाचा नकाशा आणि त्यावर सीमेची रेघ नाही. डंडॉकमध्ये राहून ते बघताना जरा थांबायला होतं. सी-हॉर्स वेगळं, दोषांसकट. ऑक्टोबरचं पाकीट वेगळं. किमान बोली मुद्दाम कमी ठेवली आहे, कारण तुम्ही निधीसाठी बोली लावणार हे आम्हाला माहीत आहे, पण आपण नक्की काय घेतोय हेही तुम्हाला माहीत असावं.

कापलेली दोन पाकिटं आणि त्यांची तिकिटं मी स्वतः घेतली. किती पैसे भरले ते काकांना विचारू नका, ते सांगणार नाहीत.

उलटा छापा लिलावात नाही. तो आजींच्या परवानगीने दारापाशीच्या टेबलावर आहे, काळी ताटली आणि भिंगासह. मुलांना घेऊन या, दोन थेंब टाकून ठोकळी अक्षरं दाखवतो. आजी चारच्या सुमारास येणार आहेत, जत्रेची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐका.